दुसरी तार

जानेवारीतल्या एका गुरुवारी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा दुकानात आला. तीन आठवडे झाले, पण ते प्रकरण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतोय.

रविवार कारंज्याजवळ आमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. हार्मोनियम आणि तबला वडिलांपासून चालत आलेले, गिटारचं काम मी २२ वर्षांपूर्वी सुरू केलं. नाशिकच्या थंडीत लाकूड आकसतं आणि गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं बाहेर येऊन बोटाला बोचतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत माझं निम्मं काम कानशीचं असतं. उरलेलं निम्मं, व्हिडिओ बघून दांडीतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, पिळून ठेवलेल्या गिटारी सरळ करण्याचं.

"काका, चौथी तार झणझणते. अन् दुसरी सारखी तुटते."

मी गिटार हातात घेतली, तारा छेडल्या. सहावी अर्ध्या सुराने वर, दुसरीही अर्ध्या सुराने वर, चौथी पूर्ण एक सूर खाली. मला वाटलं, पोराला गिटार लावताच येत नाही. असली गिराइकं रोज येतात. क्लासवाले चार कॉर्ड शिकवून फी घेतात, सूर कसा लावायचा ते शिकवत नाहीत. मी त्याला तेच ऐकवलं. गिटार नेहमीच्या सुरात लावली, त्या ताणाला नेक म्हणजे दांडी बसवली, तारांची उंची धरली. झणझण गेली. "सूर नीट ठेव, तारही तुटणार नाही," म्हणालो आणि ४०० रुपये घेतले. मुलगा काही बोलला नाही. कव्हरची चेन लावून निघून गेला.

सोमवारी परत आला. शनिवारी त्यांच्या कॉलेजात कार्यक्रम होता. त्याने गिटार पुन्हा त्याच्या सुरात लावली आणि दुसऱ्याच गाण्याला दुसरी तार तुटली. मित्राची गिटार होती, पण ती नेहमीच्या सुरातली. त्याची बोटं जिथे पडणार तिथे भलतेच सूर. बँड खाली उतरला.

"तू ती मुद्दाम तशी लावतोस?"

"हो काका. एफ, ए, सी, जी, सी, ई."

टेबलावर एका भजनी मंडळाची पेटी उघडी होती. मी मनात त्याचं भाषांतर केलं: पांढरी चार, पांढरी सहा, एक, पाच, वरची एक, तीन. पांढरी एक षड्ज धरला तर म ध सा प सा ग. सहाही स्वर दाबून भाता हलवला आणि तसाच धरून ठेवला. नेहमीच्या सुरातल्या मोकळ्या तारा छेडल्या तर त्यांचा आपसात काही संबंध नसतो, डावा हात लागेपर्यंत त्या नुसत्या तारा. इथे डावा हात न लावताच अख्खं गाणं सुरू होण्याच्या बेतात होतं.

मग त्याने फोनवर अमेरिकन फुटबॉल लावला. खेळाशी संबंध नाही, बँडचं नाव ते. इलिनॉय विद्यापीठातल्या तीन मुलांनी १९९९ साली एक अल्बम काढला आणि लवकरच बँड बंद केला. २०१४ मध्ये पुन्हा एकत्र आले, कारण दरम्यानच्या काळात तो अल्बम जगभर पसरला होता. पहिल्या गाण्याचं ट्यूनिंग तेच, म ध सा प सा ग. दोन गिटारी एकमेकींत पाय न अडकवता चालतात, आणि ड्रम वाजवणारा मधूनच ट्रम्पेट वाजवतो. पाच, सात अशा विषम मात्रांच्या तालात चालणाऱ्या या रॉकला मॅथ रॉक म्हणतात हे मला तेव्हा कळलं. गणिताचं नाव ऐकून लोक घाबरत असतील. मला सात मोजायला अडचण नाही, सात मात्रांचा रूपक लहानपणापासून कानात आहे.

गिटार मी ठेवून घेतली, पैसे घेणार नाही म्हणालो, आणि तो तीन संध्याकाळी येऊन बसला. तो गाणी लावायचा, मी काम करायचो.

काम असं होतं. तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि पहिली तार १० ची असते तो दहाचा सेट. त्यात चौथी तार २६ ची असते. ती एक सूर उतरवली की ढिली पडते आणि फ्रेटवर आपटते, म्हणून तिथे २८ ची घातली आणि दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, नटची, खाच तेवढी रुंद केली. दुसरी १३ ऐवजी १२ ची. मग फ्रेट. ही मुलं दोन्ही हातांची बोटं तारांवर टॅप करून वाजवतात, तारा अगदी खाली लागतात, आणि एक जरी फ्रेट केसभर वर असला तरी स्वर मरतो. बाराव्यापासून पुढचे सात फ्रेट घासले, गोलाई परत आणली, पॉलिश केलं. असं काम मला वर्षातून एखाददा मिळतं. बाकी वेळी गिऱ्हाइकाला अर्ध्या तासात गिटार हवी असते.

ऑक्सफर्डच्या टीटीएनजी या बँडचा 'अ‍ॅनिमल्स' (२००८) आम्ही दोनदा ऐकला. प्रत्येक गाण्याला प्राण्याचं नाव, आणि टॅपिंग इतकं स्वच्छ की त्यांच्या गिटारी लावणाऱ्या कारागिराला भेटावंसं वाटलं. जपानच्या टो या बँडचा २००५ चा पहिला मोठा अल्बम मला सगळ्यांत आवडला. गिटारी शांत, आणि खाली ड्रम असा बोलतो की तबलजींना ऐकवावा. तैवानच्या एलिफंट जिममध्ये बहीण बेसवर आणि भाऊ गिटारवर, चाल बेस धरतो. बॅटल्सचा 'मिरर्ड' (२००७) मात्र मला यंत्रासारखा वाटला. मुलाला तो फार प्रिय.

स्लिंटचा 'स्पायडरलँड' तो शेवटी ऐकवणार होता. १९९१ चा, सहाच गाणी, बरीचशी नुसती बोललेली, आवाज कुजबुजीतून एकदम किंचाळीवर जातो. या सगळ्या घराण्याचं मूळ त्यात सांगतात. तो मी रात्री शटर ओढून एकट्याने ऐकला. सुरुवात त्याने करू नका. आधी टो ऐका.

तिसऱ्या संध्याकाळी तारा चढवण्याआधी ब्रिज, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे बसतात तो भाग, पुसत होतो. दुसरी तार ब्रिजवर ज्या तुकड्यावर टेकते त्या सॅडलवरून कापसाचा बोळा फिरवला आणि धागा अडकला. भिंगातून पाहिलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जिला बर म्हणतात ती, धातूची बारीक धारदार कड. १३ ची तार अर्धा सूर चढवल्याने सहसा तुटत नाही, हे मला २२ वर्षं माहीत आहे. तार तुटते म्हटलं की आधी सॅडल बघायचं, हेही. भजनी मंडळाच्या कुणा काकांनी हीच तक्रार आणली असती तर मी तिथूनच सुरुवात केली असती. या मुलाचा सूर मला चूक वाटला आणि मी पुढे बघितलंच नाही.

बारीक पॉलिश पेपरने कड घालवली, बोळा फिरवला, तो सरकन गेला. तार चढवली, त्याच्या सुरात लावली.

त्याने निघताना गिटारच्या कव्हरचा पुढचा कप्पा उघडला आणि तुटलेल्या तारांची भेंडोळी कचऱ्यात टाकायला काढली. पाच होती. मी ती त्याच्याकडून घेतली. पाचही एकाच जागी तुटलेल्या, तार सॅडलवर टेकते तिथे.

"पहिल्या दिवशी होत्या तुझ्याकडे?"

"चार होत्या. दाखवायलाच आणल्या होत्या."

"मग?"

"तुम्ही गिटार लावत होता, काका."