देव मानत नाही, मग सण कशाला?

आम्ही दोघंही नास्तिक, तरी घरात सण होतात, आणि दर वेळी कुणीतरी टोमणा मारतंच की 'मग तुमचा नास्तिकपणा कुठे गेला?' अहो, तो आहे तिथेच आहे. पोरांसाठी सण म्हणजे सुट्टी, नवे कपडे, भावंडांचा दंगा आणि रात्री उशिरापर्यंत जागायची परमिशन, त्यात श्रद्धा किती असते ते मोठ्यांनीच सांगावं. शिवाय कितीतरी सण मुळात ऋतूंचेच, आता नवरोज म्हणजे इराणी नववर्ष बघा, २०-२१ मार्चच्या आसपास दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा येतो आणि वेगवेगळ्या धर्मांचे लोक तो साजरा करतात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्ससारखा कट्टर नास्तिकसुद्धा ख्रिसमसची गाणी आवडतात म्हणून सांगतो.

खरी गोची होते प्रश्नांची. सणामागची गोष्ट ऐकून मुलीने विचारलं 'हे खरंच घडलं होतं का गं?' तर मी सांगते, गोष्ट आहे, भारी आहे, काही लोक खरी मानतात, मी नाही मानत, तुझं तू ठरव. हे आजीसमोर बोलले की आजीचा चेहरा बघण्यासारखा होतो, असो. हात जोडायचे की नाही तेही तिच्यावरच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १४वं कलम मुलांचं विचार-धर्माचं स्वातंत्र्य मान्य करतं, आणि ते काय फक्त आस्तिक आईबापांना ऐकवायला नाहीये, आपल्यालाही आहे.

फक्त 'नमस्कार नाही केलास तर शिक्षा होईल' असली भीती कुणी घातली, तर मी तिथल्या तिथे टोकते, मग पाहुणे रुसले तरी चालतील.