कंपनीतून निघालेला छोटा पीसी ऑनलाइन घेतला आणि वाढवला

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या जुन्या डेस्कटॉपचा प्रश्न उभा राहिला. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, आणि विंडोज ११ ची अधिकृत यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. मी इंदिरानगरात घरूनच लहान दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते. लोकांचे पॅन, बँकेचे तपशील माझ्याकडे असतात. अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर ते ठेवायला मन तयार होईना.

भाचा म्हणाला, "मावशी, कंपन्यांमधून निघालेला पीसी घे. नवा स्वस्तातला असेंबल केलेला घेण्यापेक्षा तो टिकेल." मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सगळी मशीन एकदम बदलतात आणि जुना लॉट रिफर्बिश करणाऱ्यांकडे, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्यांकडे जातो. बघता बघता मी लेनोवोच्या थिंकसेंटर एम७२०क्यू या मॉडेलवर थांबले. २०१८ चं मॉडेल, साधारण १८ सेंटिमीटर चौरस, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाड. त्यात आय५-८५००टी, म्हणजे सहा कोअर आणि ३५ वॅटचा प्रोसेसर. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काम पुरं करता येणं मला फार गरजेचं आहे, म्हणून नावाच्या शेवटचा हा 'टी', म्हणजे कमी वीज खाणारा प्रकार, मी मुद्दाम शोधला.

रॅम आणि डिस्क नंतर बदलता येतात, त्यामुळे त्या कमी असल्या तरी बिघडत नाही. उलट भाव उतरतो. मदरबोर्ड आणि त्यात कंपनीने लावून ठेवलेला पासवर्ड मात्र आपल्या हातात नसतो. म्हणून मी ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क असलेलं, कोणी फारसं न विचारलेलं मशीन निवडलं आणि सगळा जोर तपासणीवर दिला.

विक्रेता पुण्याचा. मी फोन करून चालू मशीनचा व्हिडिओ मागितला.

"ताई, माल एक नंबर आहे, व्हिडिओ कशाला?"

"दादा, अविश्वास नाही. फक्त सुरू होताना एफ१ दाबून बायोस उघडून दाखवा. तेवढं दिसलं की ऑर्डर टाकते."

बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा, बोर्डातलाच सेटिंगचा प्रोग्राम. कंपनीच्या मशीनवर त्याला लावलेला सुपरवायझर पासवर्ड राहून गेलेला असू शकतो. तो असेल तर एफ१ दाबल्यावर पासवर्डची चौकट येते, आणि तो माहीत नसेल तर सेटिंग बदलता येत नाहीत. माझ्या व्हिडिओत बायोस सरळ उघडलं. मशीनचा सिरियल नंबर लेनोवोच्या साइटवर टाकून मूळ प्रोसेसर कोणता होता तेही जुळवून पाहिलं. आणखी दोन गोष्टी विचाराव्याच लागतात: अडॅप्टर सोबत आहे का, आणि वायफाय आहे का. या मॉडेलच्या बऱ्याच मशीनमध्ये वायफाय कार्डच नसतं. माझ्यातही नव्हतं, पण राउटर टेबलाशेजारीच असल्याने लॅन केबलने भागलं. अडॅप्टर २० व्होल्टचा, चौकोनी पिनचा. थोड्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपला चालतो तोच.

पार्सल आल्यावर खोका फोडण्यापासून पहिल्यांदा सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढला. परत करायची वेळ आली तर तोच पुरावा.

मशीन उघडणं सोपं निघालं. मागचा एक स्क्रू काढला की वरचं झाकण सरकतं, मग खालचंही. रॅम आणि एम.२ चा स्लॉट (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची जागा) खालच्या बाजूला. इथे लॅपटॉपची डीडीआर४ रॅम लागते, डेस्कटॉपची लांब पट्टी बसत नाही. नव्या रॅमचे भाव चढलेले असल्याने एम.जी. रोडवरच्या एका दुकानातून ८ जीबीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या घेतल्या. दोन्ही स्लॉट भरले की ड्युअल चॅनल चालतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाऊन वेग वाढतो, आणि या मशीनचं ग्राफिक्स रॅमवरच चालत असल्याने त्याचा उपयोग होतो. दुकानदाराला आधीच म्हटलं, "काका, रॅम तपासायला रात्रभर मेमटेस्ट लावणार आहे, एरर आली तर बदलून द्या." ते हो म्हणाले, पण गरज पडली नाही. एम.२ मध्ये ५१२ जीबीची नवी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली. डिस्क मात्र वापरलेली घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

विक्रेत्याने इन्स्टॉल करून दिलेलं विंडोज आणि ऑफिस मी वापरलं नाही. कोणी काय टाकलंय कळत नाही, आणि डेटा दुसऱ्यांचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह तयार केला, एफ१२ दाबून त्यावरून विंडोज ११ नव्याने टाकलं. लायसन्स बोर्डातच नोंदलेलं असल्याने प्रॉडक्ट की न मागता अ‍ॅक्टिव्हेट झालं. बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालू आहेत ना, ते तेवढं आधी पाहून घ्यायचं.

आता टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल एकाच वेळी उघडं असलं तरी अडत नाही. सोबत आलेली ५०० जीबीची डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या प्रोग्रामने तपासली, ठीक निघाली. ती पूर्ण पुसून आतल्या अडीच इंची जागेतच ठेवली आहे. तिच्यावर रोज रात्री टॅलीचा बॅकअप जातो, आणि दर शनिवारी त्याची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर.