कार्ड म्हणतं, पाणी नाही

जुलैतली रात्र, पावणेदोन वाजलेले. लोअर परळच्या एका टॉवरमधून वायरमन काकांचा फोन. "साहेब, बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी आहे आणि दोन्ही पंप गप्प. इनपुट कार्डावर लो लेव्हलचा हिरवा दिवा विझलाय. मी पाण्यात उभा, आणि तुमचं कार्ड म्हणतंय पाणी नाही!"

त्या टॉवरचे पंप चालवतो पीएलसी, म्हणजे पॅनेलमधला छोटा कंट्रोल-कॉम्प्युटर; सेन्सरच्या तारा त्याच्या इनपुट कार्डावर येतात. त्याचा प्रोग्राम 'मी लिहिला' म्हणणं तसं खोटंच. २४ पंप, दोनशेच्या वर इनपुट-आउटपुट. मी त्यांच्या यादीची, म्हणजे आयओ लिस्टची, एक्सेल शीट भरली आणि माझ्या पायथन स्क्रिप्टने सगळा कोड पाडला. प्रत्येक पंपाला तोच ठोकळा: ड्यूटी-स्टँडबाय (एक चालू, दुसरा राखीव), ओव्हरलोड ट्रिप (भार वाढला की बंद), ड्राय रन (पाणी नसलं की बंद). आमचे जुने सर हेच काम लॅडर या आकृत्यांच्या भाषेत हाताने तीन आठवडे करायचे, मी दोन दिवसांत उरकलं. एकही टॅग (सिग्नलचं नाव) चुकला नव्हता, हे मी आजही कॉलर ताठ करून सांगतो. कॉपी-पेस्ट करणारा माणूस सतराव्या पंपाला सोळाव्याचा टॅग ठेवतोच ठेवतो.

पाणी असलं की फ्लोटचा, म्हणजे तरंगणाऱ्या स्विचचा, कॉन्टॅक्ट जुळतो, इनपुटला २४ व्होल्ट मिळतात आणि कार्डावरचा दिवा लागतो. तार तुटली की व्होल्ट गेले. म्हणजे पाणी नाही, म्हणजे पंप थांबव. गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपाला हे अगदी बरोबर, कोरडा फिरला तर सील जळतं. पण पावसाचं पाणी उपसणाऱ्या पंपाने थांबायचंच नसतं. जळू दे सील! त्या रात्री घुशीने केबल कुरतडली. पाणी फार चढल्याचं सांगणाऱ्या हाय लेव्हल फ्लोटची केबलही त्याच ट्रेमधली, त्यामुळे अलार्मही नाही. दोन्ही पंपांना फ्लोट एकच, म्हणजे स्टँडबाय नावापुरता.

काकांनी सिलेक्टर हँडवर (मॅन्युअलवर) टाकून पाहिला होता. माझ्या ठोकळ्यात हँडलाही ड्राय रन आडवा येतो. पॅनेलच्या दारातली प्रोग्रामची प्रिंट काढली, तर ती स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, म्हणजे नुसत्या ओळींच्या कोडमध्ये. लॅडर त्यांनी वाचलं असतं. ते रिलेच्या ड्रॉइंगसारखं दिसतं ते अशाच माणसांसाठी. आयईसी ६११३१-३ या पीएलसी भाषांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही भाषा आहेत, पण स्क्रिप्टला टेक्स्ट पाडणं सोपं, म्हणून मी टेक्स्ट घेतलं. शेवटी काकांनीच टर्मिनलवर जंपर मारला, म्हणजे तारेचा तुकडा लावून इनपुटला थेट व्होल्ट दिले. पंपांची घरघर मी फोनवर ऐकली.

सकाळी बिल्डरच्या माणसाचा पहिला प्रश्न: "जंपर कुणाच्या परवानगीने टाकला?" गाड्या वाचल्या त्या त्या जंपरमुळे, हे त्याला कोण सांगणार.

सर प्रत्येक ओळीवर पेन्सिल आपटून विचारायचे, "हा बंद पडला तर कुणाचं काय बुडेल?" तीन आठवड्यांतले किती दिवस त्या पेन्सिलीचे होते, कोण जाणे. शीटमध्ये मी आता एक रकाना वाढवलाय: 'तार तुटल्यास: थांब की चाल'. तो स्क्रिप्ट भरत नाही, मी भरतो. एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) ट्रान्सफर पंपाची ओळ अजून रिकामी आहे. थांबला तर मैलापाणी वर येणार, कोरडा चालला तर सील जाणार, आणि तिथे दुसरा पंपच नाही. क्लायंटला मेल करून विचारलं. उत्तर आलं, "अ‍ॅज पर स्टँडर्ड."