आवळलेला जबडा, वर चढलेले खांदे: माझा अनुभव

मान दुखते म्हणून हाडांचे डॉक्टर, पोट फुगतं म्हणून मेडिकलवरच्या गोळ्या, छातीत धडधडतं म्हणून ईसीजी आणि दाढ ठणकते म्हणून दातांचा दवाखाना. माझी चार दुखणी चार ठिकाणी फिरली. ती सगळी एकाच गोष्टीची असतील हे कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या बीटमधल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, निम्म्या बायांची मान दुखते, आणि विचारलं की "कामानं दुखते" एवढंच उत्तर मिळतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

उलगडा झाला तो दातांपासून. लातूरच्या डॉक्टरांनी दाढा पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, कीड नाही. दाढा वरून घासून सपाट झाल्यात. तुम्ही झोपेत दात खाता." मग त्यांनी कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट दाबलं आणि मी कळवळले. तिथला चावण्याचा स्नायू टणक झाला होता. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मला ठावं हाय की. रात्रभर कराकरा दात खायलीस तू. जंत झाले असतील." आपल्याकडे लेकरू दात खाऊ लागलं की जंताचं औषध देतात, म्हणून त्यांना तसं वाटलं. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न मात्र वेगळा होता: "रात्री झोप लागते का नीट?"

झोप. तिची गोष्ट २०१६ पासूनची आहे. त्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते देशभर टीव्हीवर दिसलं. आम्ही खेड्यातले टँकरवर होतो. टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता, रात्री-अपरात्री यायचा. आवाज आला की घागरी घेऊन पळायचं, नाही तर दुसऱ्या दिवशी घरात पाणी नाही. मी कान उघडे ठेवून झोपायला शिकले. पुढं पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, टँकर बंद झाले. माझी जाग मात्र बंद झाली नाही. पहाटे तीनच्या सुमारास डोळे उघडायचे, छाती धडधडत असायची, मुठी वळलेल्या असायच्या. ऐकायला काहीच नसायचं. मग त्या जागेपणात बाकीचं येऊन बसायचं: पीककर्जाचं नवंजुनं, सोयाबीनचा भाव, मुलाचा लातूरचा नीटचा क्लास आणि खोलीभाडं, मोबाईलवर भरायची राहिलेली वजनं-उंच्या. बैलाच्या मानेवरून जू काढलं तरी त्यानं मान ताठच धरावी, तसं माझ्या अंगाचं झालं होतं.

दातांच्या डॉक्टरांनी नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कव्हर, बसवून दिला आणि फिजिशियनकडे पाठवलं. एक गोष्ट इथं ठासून सांगते. छातीत धडधड, छाती भरून येणं, दम लागणं हे "टेन्शनचं असेल" असं घरी ठरवू नका. आधी हृदय, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. माझं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं, रक्तदाबही थोडा वर होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि थकवा काहीसा कमी झाला. उरलेल्या त्रासासाठी फिजिशियननी सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली.

चिठ्ठी वाचून हे म्हणाले, "तिथं कशाला? तुला काय येड लागलंय का?" मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यांनीच गाडीला किक मारली आणि म्हणाले, "चल, बस." बाहेरच्या बाकावर बसलो तर ओळखीची दोन माणसं तिथं आधीच बसलेली.

आतल्या बाईंनी जे समजावलं ते मला आजही पाठ आहे. धोका दिसला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात, पाठोपाठ कॉर्टिसॉल. हृदय जोरात चालतं, स्नायू आवळतात, रक्त पोटाकडून हातापायांकडं वळतं. साप आडवा आला तर हे हवंच. साप गेला की सगळं खाली यायला पाहिजे. पण धोका कर्जाचा असला तर तो जातच नाही, आणि शरीर पळायच्या तयारीतच उभं राहतं. म्हणून पोट बिघडतं, मान धरते, झोप मोडते. नंतर वाचनात आलं की १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं उंदरांवर हेच पाहिलं होतं. थंडी, जखम, अति श्रम, औषधांचा मारा, त्रास कुठलाही असो, उंदरांच्या शरीरात बदल त्याच प्रकारचे: अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. माझी चार दुखणी एक का होती, ते मला तिथं कळलं.

मग त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काकू, खांदे खाली सोडा." मी म्हटलं, "सोडलेच आहेत." तिनं मला आरशासमोर उभं केलं. माझे खांदे कानाजवळ होते, आणि मला ते कळत नव्हतं! आवळलेला स्नायू आवळलाय हेच आपल्याला जाणवेनासं होतं. त्यामुळं नुसतं "सैल सोड" म्हणून तो सुटत नाही.

त्यावरचा उपाय उलटा आहे: आधी मुद्दाम आणखी आवळायचं, मग एकदम सोडायचं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बसवली. पाठीवर झोपायचं. पायाची बोटं स्वतःकडं ओढून पाच-सात सेकंद पिंडऱ्या ताठ, मग सोडून अर्धा मिनिट नुसतं लक्ष द्यायचं. मग मांड्या, पोट, मुठी, दंड. खांदे कानापर्यंत ओढून सोडायचे. शेवटी चेहरा, डोळे, कपाळ. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडायचा नाही आणि फार जोर लावायचा नाही. जबड्यासाठी वेगळी सूचना होती: ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वरच्या दातांच्या मागं टेकलेली. खाताना आणि गिळताना सोडलं तर दातांना दात लागायची गरजच नसते. मी पोषण आहाराच्या डब्यावर, फोनच्या मागं, चुलीपाशी खडूनं लहान फुल्या केल्या. फुली दिसली की दात सुटले आहेत का पाहायचं.

पहिल्या आठवड्यात एका रात्री मांड्या सोडल्या आणि पाय थरथरायला लागले. थांबेनात. मग रडू आलं, कशाचं तेही कळेना. घाबरून दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, काहींना असं होतं, घाबरू नका. जास्त वाटलं तर डोळे उघडा, उठून बसा, घरातल्या वस्तू बघा, पाणी प्या. फोनवरच्या व्हिडिओंत सांगतात की ताण कंबरेत साठून बसलेला असतो आणि एकदा थरथरून गेलात की मोकळे झालात. मला ते पटलं नाही. अंगात कुठं गाठोडं नसतं. सवय असते, आणि सवय रोज थोडी थोडी बदलावी लागते. करडईच्या तेलानं सासूबाईंनी पाठ रगडून दिली की बरं वाटायचं, पण एका रात्रीपुरतं. नाईट गार्डनं दात वाचले, जबडा आवळणं थांबलं नाही.

पहाटेच्या जागेला श्वास कामी आला. चार आकडे मोजत घ्यायचा, सहा-आठ मोजत सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा उतरतो, तो व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळं. म्हणून सोडणं लांबवायचं. कधी भ्रामरी करायची. शेजारी झोपलेली लेक विचारायची, "आई, काय गुणगुणायलीस?"

आणि पावली. आमच्या गावात सप्ताह बसतो. मी दरवर्षी स्वयंपाकाच्या बाजूला असायची, त्या वर्षी मुद्दाम टाळ घेऊन उभी राहिले. पखवाज चढत गेला तसे पाय पडत गेले, टाळांचा हादरा मनगटातून खांद्यापर्यंत यायचा, गळा मोकळा सोडून गायचं, घाम निथळायचा. जेकबसनांच्या पद्धतीत जे मी एकटी गादीवर करत होते, आवळणं आणि सोडणं, ते इथं शंभर माणसं एका तालात करत होती. त्या रात्री सरळ उजाडेपर्यंत झोपले. पंचमीची फुगडी, झोका, महालक्ष्म्यांपुढचं रात्र जागवून गाणं, हे आपल्या आयाबायांना आधीपासून होतं. वय झालं, लोक काय म्हणतील, म्हणून आपण ते सोडून बसतो. मला याचं फार वाईट वाटतं.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं. खांदे परत कानाशी, दात परत आवळलेले, पोट परत बिघडलेलं. पण या वेळी मला ते त्याच आठवड्यात कळलं. संध्याकाळी यांनाही शेजारी झोपवलं आणि म्हटलं, "पाय ताठ करा. आता सोडा." हे आधी संकोचले. मग खांद्याची पाळी आली तेव्हा म्हणाले, "हे तर दगड झालेत गं." नुकसान भरून निघालं नाही, कर्जही तसंच आहे. पण त्या दिवसांत हे जेवले आणि झोपले, आणि आमच्या भागात पिकं गेल्यावर घरातला माणूस नीट जेवतो-झोपतो का, हे पाहणं किती गरजेचं असतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता बीट मीटिंग सुरू व्हायच्या आधी पर्यवेक्षिका मॅडम मला दहा मिनिटं देतात. आम्ही खुर्चीवर बसूनच मुठी, खांदे, जबडा करतो. ज्यांना झोपच येत नाही, जगणं नको वाटतं, घरात कुणी तसं बोलायला लागलंय, त्यांना मी व्यायाम सांगत बसत नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर फळ्यावर लिहून ठेवते. रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मागच्या मीटिंगला एका मदतनीस बाईनं तो तळहातावर उतरवून घेतला आणि विचारलं, "माझ्या मालकाला बोलायला लावलं तर चालंल का?" चालतं.