उकिडवं

पाकिटातली शेवटची कॅल्शियमची गोळी हातातून निसटली, फरशीवर टणटण उडाली आणि घरंगळत थेट फ्रीजखाली गेली. दुपारचे तीन वाजले होते, घरात मी एकटी. गोळी हाडांची. ती काढायची तर हाडं वाकायला हवीत, आणि हाडं वाकायची तर ती आधी पोटात जायला हवी. फ्रीजच्या दाराला धरून कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकले. फट काही दिसली नाही. मग लांब दांड्याचा झाडू आणून खाली फिरवला, तर लसणाची एक पाकळी, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा आणि एक वाळका वाटाणा बाहेर आला. गोळी बहुधा आणखी आत सरकली.

स्टूल ओढून बसले आणि फ्रीजकडे बघत राहिले. यात होतं काय खरं तर? झपकन उकिडवं बसायचं, एक हात फरशीवर, गाल जवळजवळ जमिनीला, आणि दुसरा हात खाली घालायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. उठताना गुडघ्यावर हातसुद्धा ठेवायचा नाही.

उकिडवं म्हणजे टाचा टेकवून, हे आधीच सांगून ठेवते. चवड्यांवर तरंगत बसणं वेगळं, ते कुणालाही दोन मिनिटं जमतं. माझा भाचा जिममध्ये जातो. तो ‘स्क्वॉट’ म्हणून जे काही करतो ते निम्म्या वाटेवरून परत फिरणं आहे. अरे, तू खाली गेलाच नाहीस तर वर कसला येतोस, असं मी त्याला विचारते. त्याच्या टाचा उचलल्या जातात म्हणून तो त्यांच्याखाली लोखंडी चकत्या सरकवतो. आणि आमच्या सोसायटीत योगवर्ग घेणाऱ्या बाई उकिडवं बसण्याला मालासन म्हणतात, ते तर मला मुळीच पटत नाही. आसन म्हटलं की सतरंजी आली, श्वास आला, फायदे आले. उकिडवं बसण्याचे फायदे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. नळाला पाणी आलं की माणूस उकिडवं बसायचं, नळ गेला की उठायचं.

आमच्या कराडच्या घरात आजीचा निम्मा दिवस उकिडवा जायचा. चूल पेटवताना, अंगण सारवताना, परसात शेणी थापताना. कृष्णेच्या घाटावर धुणं घेऊन गेली की तासभर तशीच. गुडघ्यांच्या मधून हात खाली सोडून ती जे धुणं चोळायची त्यात नदीसुद्धा तिच्या सोयीनं वाहते आहे असं वाटायचं. आम्हा पोरांना ती एवढंच ओरडायची, “बूड टेकू नको गं, ओल हाय.” मग आम्ही तिच्या शेजारी तसेच बसायचो. सहा-सात वर्षांच्या पोरांना त्यात शिकायचं असं काही नसतंच. ती गोट्या बघताना, मुंग्या बघताना, कुणाचं भांडण बघताना आपोआप खाली जातात.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मी आठ वर्षांची. सव्वाचारच्या पुढे केव्हातरी माजघरातल्या उतरंडीची मडकी एकमेकांवर आपटायला लागली, कौलं खडखडली, आणि वडिलांनी मला वाकळेसकट उचलून रस्त्यावर आणलं. कोयनेचा भूकंप. सगळी गल्ली बाहेर. थंडी अशी की दात वाजत होते, का भीतीनं वाजत होते कोण जाणे. कुणीतरी शेकोटी पेटवली आणि तिच्याभोवती अख्खी गल्ली उकिडवी बसली. मांडी घालून एकही माणूस बसला नाही. धक्के अजून येत होते. प्रत्येक धक्क्याला सगळी माणसं कवायत केल्यासारखी एकदम अर्धी उठायची, जरा थांबायची, आणि परत खाली. मला ते इतकं गमतीचं वाटलं की मी पुढच्या धक्क्याची वाट बघायला लागले. मध्ये कंटाळून मी बूड टेकलं, तर आजीनं दंडाला धरून उठवलं. या वेळी ओल नव्हती.

“पळायचं झालं तर?” ती म्हणाली.

तिकडे कोयनानगर कोसळलं होतं, माणसं दगावली होती, ते नंतर कळलं. मला त्या पहाटेचं आठवतं ते एवढंच: शेकोटीच्या उजेडात गोलाकार मांडलेले गुडघे. तोंडं वाकळांमध्ये, चादरींमध्ये, धोतराच्या सोग्यात. बाहेर फक्त गुडघे.

पुढे एसटीच्या फाट्यावर, सरकारी दवाखान्याच्या आवारात, तलाठ्याच्या दारात अशी बसलेली माणसं दिसली की मला ती पहाट आठवते. मांडी घातलेला माणूस आला आहे. उकिडवा बसलेला अजून कुठेतरी निघालेला असतो.

माझं हे बसणं कधी गेलं ते मला नेमकं माहीत आहे. बाकीच्या गोष्टींचं तसं नाही. दातानं ऊस सोलणं कधी थांबलं, सांगता यायचं नाही. सुईत दोरा ओवणं आधी खिडकीपाशी गेलं, मग चष्म्यात गेलं, मग शेजारच्या मुलीकडे गेलं. पण उकिडवं बसणं मंडईत गेलं, मेथीपुढे.

भाजीवाली जमिनीवर पोतं पसरून बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसून जुड्या चाळत होते, कारण उभ्यानं भाजी घेणं मला कधी जमलंच नाही. उभ्या माणसाला भाजीवाली भाव सांगते. समोर बसलेल्याशी बोलते. जुडी वीसला होती. मी पंधरा म्हणाले. “परवडत न्हाई काकू,” ती म्हणाली. मी ठरल्याप्रमाणे उठायला लागले, म्हणजे निघून चालल्याचं नाटक करायला, आणि उजवा गुडघा कट्ट करून मध्येच थांबला. वरही जाईना, खालीही येईना. शेजारच्या कांद्याच्या पोत्याला धरलं, तर ते कललं. चार कांदे पळाले. तेव्हा ती बाई तिच्या उकिडव्यातून उठली, कशालाही न धरता, पुढे आली, आणि पोत्याला घालतात तसे माझ्या दोन्ही बगलांत हात घालून तिनं मला उभं केलं.

“दहाच द्या काकू,” ती म्हणाली.

एसटीत मला निम्मं तिकीट पडतं, पण ते २०२३ पासून सगळ्याच बायकांना पडतं. त्यात वयाचा काही संबंध नाही. तेव्हा म्हातारपणाची माझी पहिली खरी सवलत ही. राग आला होता. दोन जुड्या घेतल्या.

डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. दोन हाडांमधली फट आतल्या बाजूला जवळजवळ नाहीशी झालेली. आपण सगळे ‘वंगण संपलं’ म्हणतो. ते म्हणाले, वंगण नाही, गादी झिजली. त्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून झिजली की ती भरून येत नाही. मग मला हिशेब समजावला. खुर्चीत बसायला गुडघा ९० अंशांत वाकला तरी पुरे. ऑपरेशन करून नवा गुडघा बसवला तर तो साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकेल. आणि उकिडवं बसायला? दीडशेच्या आसपास लागतात. म्हणजे नव्या गुडघ्यानंही मी फार तर वाटेत पोचणार, भाच्यासारखी. “पण तुम्हाला कशाला हवंय उकिडवं बसायला?” त्यांनी विचारलं. मला पटकन एकही कारण सुचलं नाही. फ्रीजखाली तेव्हा काही गेलेलं नव्हतं.

माझी एक मैत्रीण मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायची. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर सहानुभूती राहिली बाजूला, तिनं मला हॅवलॉक चार्ल्स ऐकवला. हा गोरा डॉक्टर लाहोरला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक होता. १८९३ च्या सुमारास त्यानं पंजाबी माणसांच्या पायांची हाडं तपासली, तर नडगीच्या खालच्या टोकाला, पुढच्या बाजूनं, जिथे ती घोट्याच्या हाडावर टेकते तिथे, त्याला एक जास्तीचा गुळगुळीत पैलू सापडला. उकिडवं बसल्यावर ही दोन हाडं पुढून एकमेकांना भिडतात, त्याची ती खूण. पुढे उत्खननात निघालेल्या सांगाड्यांवरही लोक ही खूण शोधायला लागले. हाड हाती आलं तर तो माणूस कसा बसत होता हे कळतं.

त्या रात्री मी पलंगावर बसून बराच वेळ घोटे चाचपले. बाहेरून काही लागत नाही हाताला. पण ती खूण आत असणार, असं मी धरून चालले आहे. डॉक्टरांनी फोटो गुडघ्याचा काढला, घोट्याचा नाही.

आता ज्याबद्दल लिहू की नको असं होतं ते. माझ्या सासूबाई कुठल्याही लग्नाचं आमंत्रण आलं की आधी विचारायच्या, “कमोड आहे ना तिथे?” मुहूर्त नंतर, मुलगी कुठली ते नंतर. आम्ही जावा-जावा तोंडाला पदर लावून हसायचो. एकदा कोकणात एका घरी नव्हता, तर त्यांनी आदल्या दिवसापासून जेवण बंद केलं आणि उपास आहे म्हणून सांगितलं. कुठला उपास, तर म्हणे मंगळवारचा. वार रविवार होता. आम्ही परतीच्या गाडीत हसून बेजार झालो. गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला सांगलीकडे जायचं ठरलं तेव्हा मी तिच्या होणाऱ्या सासूला फोन लावला, हॉलचा पत्ता विचारला, पार्किंगचं विचारलं, उकाडा फार आहे का विचारलं, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं ते विचारलं. पलीकडून त्या बाईही अगदी सहज म्हणाल्या, “आहे हो. मी आधी तेच बघितलं.” इतकी जवळीक मला त्या घराबद्दल नंतरच्या सगळ्या मानपानात वाटली नाही.

गुडघे गेले की चालणं जाईल अशी भीती सगळे घालतात. चालणं आहे अजून; सकाळी दोन फेऱ्या होतात. गेला तो घराचा खालचा मजला. कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा, तिथली पितळी भांडी आता कुणीच घासत नाही. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. कुंडीतलं गवत. उंबऱ्याबाहेरची रांगोळी, पंधरा ते आठ ठिपक्यांची मी काढायची, ठिपके देत देत बदकासारखी आडवी सरकत, मध्ये एकदाही न उठता. आता जिन्याच्या कठड्यावर वीतभर स्वस्तिक काढते. उभ्यानं काढलेली रेघ सरळ येते, पण तिला लपेट नाही. दीड-दोन फुटांच्या खाली आमच्या घरात काय चाललं आहे, हे मला आता कुणीतरी सांगितलं तर कळतं.

असं मनात चाललं होतं आणि हे लिहावं, उकिडव्याचं चांगलं गुणगान करावं, असं ठरतच होतं, तेवढ्यात बेल वाजली. कामाच्या मावशी. माझ्याहून चार वर्षांनी लहान, असं त्या म्हणतात. आधारवर त्यांची जन्मतारीख एक जून आहे, म्हणजे शाळेच्या मास्तरांनी टाकलेली.

“मावशी, फ्रीजखाली गोळी गेलीय बघा.”

त्यांनी पिशवी खुंटीला लावली, पदर खोचला आणि बसल्या. झपकन. टाचा टेकवून. हात खाली घातला आणि एक नाही, तीन गोळ्या काढल्या. म्हणजे याआधीही दोनदा. एक केसांची क्लिपही निघाली. गोळ्या पदराला पुसून माझ्या हातावर ठेवल्या आणि तशाच उकिडव्या बसून त्यांनी बादलीत फडकं बुचकळलं.

मी कौतुकानं बघत होते. त्याच कौतुकात विचारलं, “तुमचे गुडघे नाही दुखत हो कधी?”

“दुखत्यात की,” त्या फडकं पिळत म्हणाल्या. “रातच्याला झोप लागत न्हाई.”

“अहो, मग तो दांड्याचा पोछा आणून ठेवलाय ना मी बाल्कनीत?”

“त्येनं कोपरं निघत न्हाईत, ताई. आन् अजून तीन घरं व्हायची हायेत.”

फरशी पुसत, मागे मागे सरकत त्या माझ्या स्टुलापर्यंत आल्या आणि थांबल्या. मी पाय वर घेतले.