घारापुरी ते न्यू बेडफर्ड: ‘मोबी डिक’च्या गावात एक दिवस

मी उरणची. मोरा बंदराच्या धक्क्यावर उभं राहिलं की घारापुरीचं बेट दिसतं. एम.ए.ला असताना अमेरिकन लेखक हर्मन मेल्विलची ‘मोबी डिक’ ही कादंबरी पहिल्यांदा हातात घेतली आणि 55 व्या प्रकरणात अचानक आमची घारापुरी भेटली. देवमाशाचं जगातलं सगळ्यात जुनं चित्रण भारतातल्या एलिफंटाच्या लेण्यात आहे, विष्णूचा मत्स्यावतार तिथे अर्धा माणूस, अर्धा देवमासा असा कोरला आहे, असं मेल्विल खुशाल लिहून जातो. लहानपणापासून ते लेणं पाहिलेलं. महेशमूर्ती, अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज, सगळी शिवाची लीला. मत्स्यावताराचं असं शिल्प तिथे नाही. मेल्विल भारतात कधी आला नव्हता, पुस्तकांतून वाचलेलं त्याने लिहिलं. पण त्या एका पानामुळे हे पुस्तक मला आपलं वाटायला लागलं.

तरीही तेव्हा मी ते पूर्ण वाचलं नाही. कप्तान आहाब, त्याचा पाय तोडणारा पांढरा देवमासा, सूडाने पेटलेला पाठलाग, एवढी गोष्ट धरली आणि मधली दोर, भाले, चरबी, तेलाची पिंपं यांची प्रकरणं भराभर उलटली. परीक्षेत त्या पानांवर प्रश्न येत नसे.

यंदा भाचीकडे बॉस्टनला गेले तेव्हा तिला म्हटलं, मला एक दिवस न्यू बेडफर्डला, देवमाशांच्या शिकारीच्या त्या जुन्या बंदराला, घेऊन चल. आहाबचं जहाज ‘पिकॉड’ सुटतं ते नॅन्टकेट बेटावरून, पण कादंबरीची पहिली प्रकरणं न्यू बेडफर्डमध्ये घडतात. स्वतः मेल्विलही नदीपलीकडच्या फेअरहेवनहून 3 जानेवारी 1841 रोजी ‘अकुश्नेट’ नावाच्या देवमासे मारणाऱ्या जहाजावर निघाला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. 2025 च्या मार्चपासून बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून तिथे लोकल गाडी जाते. शनिवारी सकाळी निघालो.

स्टेशनवरून चालत जुन्या गावात शिरलो. दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते, एका टेकाडावर खलाशांचं प्रार्थनाघर, ‘सीमेन्स बेथेल’. 1832 सालचं. कादंबरीत गोष्ट सांगणारा माजी शाळामास्तर इश्माएल समुद्रावर जाण्याआधी इथे येतो, आणि जहाजाच्या नाळेसारख्या, म्हणजे पुढच्या टोकासारख्या व्यासपीठावर दोराच्या शिडीने चढून पाद्री बायबलमधली, माशाने गिळलेल्या योनाची गोष्ट सांगतो. आत गेल्यावर समोर तसंच नाळेच्या आकाराचं व्यासपीठ दिसतं. पण ते मेल्विलच्या काळातलं नाही. 1956 साली कादंबरीवर सिनेमा आला, तो पाहून येणारे लोक ते व्यासपीठ शोधू लागले, म्हणून 1961 मध्ये ते बांधलं. मला यात वाईट काही वाटलं नाही. आपल्याकडेही कथेतली जागा आधी आणि देऊळ नंतर, असं कितीदा झालेलं आहे.

माझी पावलं थांबली ती भिंतींपाशी. दोन्ही बाजूंना संगमरवरी पाट्या आहेत, समुद्रात गेलेल्यांच्या. त्यांच्याखाली थडगं नाही, कारण पुरायला देह परत आलाच नाही. एका पाटीवर नॅन्टकेटच्या जहाजावरच्या एका कप्तानाबद्दल कोरलंय: देवमाशाला भाला लागल्यावर दोराने त्याला जहाजाबाहेर ओढून नेलं आणि तो बुडाला, 19 मे 1844, वयाच्या 49 व्या वर्षी.

मी ती पाटी तीनदा वाचली. मेल्विल इथून गेला तेव्हा ती नव्हती. पण आहाब असाच मरतो. देवमासा त्याला गिळत नाही, चिरडत नाही. भाल्याचा दोर सुसाट सुटतो, त्याच्या गळ्याभोवती फास पडतो आणि पुढच्या क्षणी होडीत तो नसतो. एम.ए.ला आम्ही यावर ‘नियतीचं प्रतीक’ असं लिहून मार्क मिळवले होते. इथे त्या भिंतीसमोर कळलं की या गावातल्या बायकांना हे मरण प्रतीक म्हणून ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरात असं झालेलं होतं. आणि मी उलटून टाकलेलं 60 वं प्रकरण नेमकं त्या दोरावर होतं.

“मावशी, बसतेस का जरा?” भाचीने विचारलं. बसले. एका बाकावर मेल्विल इथे बसला होता असं लिहिलंय. मी त्याच्या मागच्या बाकावर बसले.

समोरच देवमाशांच्या शिकारीचं संग्रहालय आहे. दारातून आत आलं की छतापासून टांगलेले प्रचंड सांगाडे. त्यातला एक निळ्या देवमाशाचा, 66 फुटांचा, आणि तो पूर्ण वाढलेलाही नव्हता. 1998 मध्ये एका तेलवाहू जहाजाची धडक बसून तो मेला. इतकी वर्षं झाली तरी त्याच्या हाडांतून तेल पाझरतं, आणि ते गोळा करायला खाली काचेचं भांडं लावलंय. त्या भांड्याकडे बघताना या गावाचा सगळा व्यवहार डोळ्यांपुढे येतो. स्पर्म व्हेलच्या डोक्यात जो पांढरट मेणचट पदार्थ असतो, त्याच्या मेणबत्त्या धूर न करता, वास न मारता जळत. चरबीच्या तेलावर घरं, रस्ते, दीपगृहं उजळत आणि यंत्रांना वंगण मिळे. 1857 मध्ये एकट्या न्यू बेडफर्डची 329 जहाजं या धंद्यात होती. गावाचं ब्रीदवाक्य आजही लॅटिनमध्ये ‘मी प्रकाश पसरवतो’ असंच आहे. 1859 मध्ये पेनसिल्वेनियात जमिनीतून खनिज तेल निघालं आणि पुढच्या काही दशकांत हा धंदा ओसरत गेला.

‘लगोडा’ या जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती तिथे उभी आहे, 89 फूट लांब, आणि तिच्यावर चढता येतं. डेकवर विटांची भट्टी पाहिली. लाकडी जहाज, भोवती पाणी, आणि मधोमध भट्टीवर दोन अजस्र कढया. चरबी कढवून तेल निघालं की उरलेल्या चिंध्याच पुन्हा सरपण म्हणून आत टाकत. देवमासा स्वतःच्याच अंगावर शिजतो, असं मेल्विल लिहितो. त्या धुराचा आणि वासाचा विचार करत मी उभी राहिले. तीन-चार वर्षांची एकेक सफर आणि हे काम दिवसरात्र.

आणि पगार? पगार नव्हताच. नफ्यातला वाटा असे. आमच्या कोळीवाड्यातही होडीचा वाटा, माणसाचा वाटा अशी वाटणी चालते, त्यामुळे मांडणी मला परकी नव्हती. आकडे मात्र परके होते. कादंबरीत मांडीवर बायबल घेऊन बसलेला जहाजाचा एक मालक इश्माएलला 777 वा हिस्सा देऊ करतो. शेवटी 300 व्या हिश्श्यावर ठरतं. क्वीक्वेग हा दक्षिण समुद्रातल्या बेटावरचा, अंगभर गोंदलेला भालेकरी. त्याची नेमबाजी पाहताच त्याला 90 वा हिस्सा मिळतो. गोऱ्या मास्तरड्या पोरापेक्षा एका ‘रानटी’ माणसाचं मोल तिपटीहून जास्त. कसब चालतं तिथे रंग मागे पडतो, हे मेल्विलने स्वतः त्या जहाजांवर राहून पाहिलेलं होतं.

पण हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजायला दुपारी आणखी थोडं चालावं लागलं.

सार्वजनिक ग्रंथालयाबाहेर लुईस टेम्पल या कृष्णवर्णीय लोहाराचा पुतळा आहे. व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस इथे आला आणि 1848 मध्ये त्याने भाल्याचं असं पातं घडवलं, की ते मांसात रुतल्यावर आडवं फिरतं आणि निसटत नाही. सगळ्या धंद्याने ते उचललं. त्याने पेटंट घेतलं नव्हतं. 1854 मध्ये तो वारला.

तिथून नेथन आणि पॉली जॉन्सन या कृष्णवर्णीय जोडप्याच्या घरासमोर गेलो. 1838 च्या सप्टेंबरात बाल्टिमोरहून गुलामगिरीतून निसटलेला एक तरुण इथे आश्रयाला आला. नेथन जॉन्सननीच त्याला ‘डग्लस’ हे आडनाव सुचवलं. पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचा मोठा वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस तो हाच. जहाजाच्या फटी बुजवण्याचं काम त्याला उत्तम येत होतं, पण गोऱ्या कारागिरांनी त्याच्यासोबत काम करायला नकार दिला, म्हणून त्याने हमाली केली, लाकडं फोडली. तो 1841 पर्यंत या गावात राहिला आणि इथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचनं देत असे. म्हणजे मेल्विल इथून निघाला तेव्हा डग्लस याच गावात होता. आणि कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात इश्माएल थंडीत खाणावळ शोधताना चुकून कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये शिरतो आणि प्रवचन चाललेलं पाहून बाहेर पडतो! ते दोघे भेटले असं मी म्हणत नाही. तारखा मात्र जुळतात, आणि त्या घरासमोर उभं राहून त्या चर्चचं दार उघडून पुन्हा मिटल्याचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

कादंबरी 1851 मध्ये आली. आदल्याच वर्षी पळून आलेल्या गुलामांना धरून मालकांकडे परत पाठवण्याचा कायदा झाला होता. 1851 च्या एप्रिलमध्ये बॉस्टनमध्ये थॉमस सिम्स नावाचा तरुण पकडला गेला. त्याच्या सुटकेचा अर्ज मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी फेटाळला आणि त्याला जॉर्जियाला परत नेलं. हे शॉ म्हणजे मेल्विलचे सासरे. मेल्विलला घर घ्यायला त्यांनी पैसे दिले होते, आणि त्या घरात बसून तो हे पुस्तक पुरं करत होता.

हे कळल्यावर पिप मला पहिल्यांदा दिसला. पिप हा जहाजावरचा लहानगा कृष्णवर्णीय पोरगा. भीतीने तो होडीतून उडी मारतो. त्याला वाचवायला दोर कापावा लागतो, देवमासा हातचा जातो. तेव्हा अधिकारी स्टब त्याला बजावतो, की अलाबामात तुझी जी किंमत येईल त्याच्या तीसपट एका देवमाशाची येते, पुन्हा उडी मारलीस तर उचलणार नाही. तो पुन्हा उडी मारतो. त्याला मागे सोडतात. उघड्या समुद्रात एकटा राहून तो वेडा होतो. अलाबामा हा एक शब्द मी तेव्हा नुसता वाचून गेले होते. 1851 च्या वाचकाला तो शब्द चटका देणारा होता, कारण गुलामांचा बाजार तिथे चालू होता आणि तिथवर पोचवणारा कायदा बॉस्टनमध्ये लागू होता.

जहाजाचं नावही असंच. पिकॉट या मूळनिवासी जमातीवर वसाहतवाल्यांनी 1636 ते 1638 मध्ये युद्ध लादून तिचा संहार केला. मेल्विल त्यांना नामशेष म्हणतो. हेही घारापुरीसारखंच चुकलं. पिकॉट लोक कनेटिकटमध्ये आजही आहेत. पण मेलेल्यांचं नाव दिलेलं जहाज बुडायलाच निघालंय, एवढं त्याला नक्की सांगायचं होतं.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. आता इथे शिंपल्यांचा, स्कॅलपचा मोठा धंदा आहे. नावा एकमेकींना खेटून उभ्या, ओल्या दोरांचा आणि डिझेलचा वास, अगदी मोऱ्याला येतो तसा. एक खलाशी डेकवर वाकून दोराची वेटोळी घालत होता. इतक्या सावकाश आणि लक्ष देऊन, की मी भाचीला बोलायचं थांबवलं.

परतीच्या गाडीत पिशवीतून पुस्तक काढलं आणि 45 वं प्रकरण उघडलं. एक वाक्य तिला मराठीत करून वाचून दाखवलं: देवासाठी सांगतो, दिवे-मेणबत्त्या जपून वापरा, तुम्ही जाळता त्या दर गॅलनमागे माणसाच्या रक्ताचा एक तरी थेंब सांडलेला असतो. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या दोराचं वाच ना.”

60 वं प्रकरण काढलं. टबमध्ये वेटोळी घालून ठेवलेला तो दोर 200 वावांहून लांब असतो, असं वाचलं.

“वाव म्हणजे गं किती?”

मी दोन्ही हात ताणून पसरले. एक बोट खिडकीच्या काचेला टेकलं, दुसरं तिच्या खांद्याला.

“असे दोनशे?”

“दोनशेहून जास्त.”

तिने माझा हात धरून खाली घेतला आणि म्हणाली, “वाच पुढे.”