पुतळा

कालपासून ते पोर काही डोक्यातून जात नाहीये. तसं झालं काहीच नाही. मिहिरला सांगितलं तर तो एवढा हसला की ऑफिसचा कॉल म्यूट करायचा राहिला, आणि केतकी हसलीच नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे. ते जास्त लागलं. म्हणून लिहून काढते.

लंडनमधलं कोव्हेंट गार्डनचं ट्रान्सपोर्ट म्युझियम. तिकीट एकदा काढलं की वर्षभर चालतं, त्यामुळे घरात करमेनासं झालं की मी तिथेच. पूर्वी तिथे फुलांचा बाजार भरायचा, १९८० पासून बसगाड्या नि ट्राम उभ्या आहेत. आधी लिफ्टने थेट वर जायचं, तिथे घोड्यांच्या बस, मग एकेक मजला उतरत आजच्या काळाकडे यायचं. १८६३ साली ह्या लोकांनी जमिनीखालून कोळशाच्या इंजिनाची गाडी चालवली, त्या बोगद्यात धुराने काय जीव घुसमटत असेल. त्यातलं २३ नंबरचं इंजिन अजून आहे तिथे, उंचच उंच, त्याच्यापाशी उभं राहिलं की उगाच घसा खवखवतो. (आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, म्हणजे दहा वर्षं आधीची, पण ती उघड्यावरून धावली, त्यामुळे तिथे गप्प बसावं लागतं.)

माझा आवडता डबा मात्र १८९० चा. सिटी अँड साउथ लंडन रेल्वेचा, खोल बोगद्यातून विजेवर धावणारी ती पहिली गाडी, स्टॉकवेलहून थेट सिटीत, म्हणजे लंडनच्या जुन्या व्यापारी भागात. ह्या डब्याला खिडक्याच नाहीत. म्हणजे वर छताजवळ काचेच्या चिंचोळ्या फटी आहेत, बाकी दोन्ही बाजूंना लांबलचक बाकडी आणि डोक्याच्याही वर जाणारी गादीची पाठ. बोगद्यात बघायचंय काय, असा सरळ हिशेब. लोक त्याला पॅडेड सेल म्हणायला लागले, वेड्यांच्या इस्पितळात भिंतींना गाद्या लावलेली खोली असायची ना, ती. स्टेशन आलेलं कळायचंच नाही, म्हणून डब्याच्या टोकाला उभा असलेला रेल्वेचा माणूस नाव ओरडून सांगायचा.

तर त्या गादीला टेकून मी बसले होते. पाय भरून आले होते, पर्स मांडीवर, शाल गळ्यापर्यंत. म्युझियममध्ये ठिकठिकाणी जुन्या वेषातले पुतळे बसवलेत. एक चारेक वर्षांचं पोर आत आलं, माझ्यासमोर उभं राहिलं, नीट निरखलं, आणि बाहेर प्रॅम धरून उभ्या असलेल्या आईला ओरडून म्हणालं, "ममी, धिस वन्स रिअली गुड!" आणि माझ्या गालाला बोट लावून बघितलं.

मी पापणी हलवली. ते किंचाळलं. आई सॉरी सॉरी करत लालेलाल, मी इट्स ओके इट्स ओके, आणि मग बराच वेळ मला उठताच येईना.

किती वेळ बसले असेन मी तशी? पुतळा वाटायला माणसाने किती वेळ हलायचं नसतं? आणि त्याआधी आणखी कितीजण आत येऊन बघून गेले असतील, काही न बोलता, त्या पोरासारखं बोट न लावता? रात्री आरशासमोर बसून पाहिलं तशीच, खरंच की हो, बरी जमते. इथे दिवसभर बोलायचं कुणाशी, छोटू झोपलेला, ही दोघं लॅपटॉपमध्ये. हे असते तर... जाऊ दे.

मागे केतकीने मेल रेलला नेलं होतं, पोस्टाची पत्रं वाहून नेणारी जमिनीखालची गाडी, १९२७ ते २००३ चालली, आता तिच्यावर छोट्या गाडीतून माणसांना फिरवतात, गुडघे पार छातीला लागतात. तिथे अंधारात मी दोनदा किंचाळले होते. पुतळा नक्कीच नव्हते तेव्हा.

आणि पुतळा म्हणे! अख्खी नोकरी डोंबिवली फास्टमध्ये काढलेली बाई मी. लेडीज डब्यात चढल्या चढल्या एकेकीला विचारायचं, कुठे उतरणार? घाटकोपर? ठाणा? की मग तिची सीट आपली, आणि मधे कुणी घुसली तर भांडायचं. बाकड्यावर तिघी बसलेल्या असल्या तरी "जरा सरका" म्हणून चौथीने टेकायचंच, अर्धं अंग हवेत. त्या पॅडेड सेलमध्ये आमच्या ग्रुपने हळदीकुंकू उरकलं असतं, आणि स्टेशन ओरडायला माणूस लागला नसता.

तर आज सकाळी टूटिंगहून ट्यूब पकडली, नॉर्दर्न लाइन, म्हणजे त्याच १८९० वालीचं वाढलेलं शेपूट. गर्दी. समोर एक मुलगी कानात ते बोळे घालून बसलेली. काय अंगात आलं कुणास ठाऊक, वाकून विचारलं, एक्सक्यूज मी, व्हेअर यू आर गेटिंग डाउन? तिने दचकून एक बोळा काढला, स्टॉकवेल म्हणाली, सॉरी म्हणाली, आणि उठलीच. अख्खा डबा माझ्याकडे बघतोय. स्टॉकवेलला अजून बरीच स्टेशनं होती, बिचारी दांड्याला धरून उभी.

मी बसले. सोडते काय.